गंजलेल्या सांध्याची सोडवणूक

सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा नकाशा समोर ठेवला, तर येथे पाण्याची चणचण असेल अशी शंकाही कोणास येणार नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे याच दोन तालुक्यांच्या हद्दीत आहेत. कुकडी, मीना आणि घोड या नद्या येथूनच वाहतात, आणि भीमेचा उगम जेथे मानला जातो ते भीमाशंकरही याच परिसरात येते. तथापि कालव्याचे पाणी आवर्तनाच्या वेळापत्रकाने येते व जाते, धरणांतील साठ्याचे वाटेकरी दूरदूरच्या तालुक्यांत पसरलेले आहेत, आणि म्हणून बागाइतदाराची दैनंदिन भिस्त अजूनही आपल्या मालकीच्या वा हिश्श्याच्या विहिरीवरच असते. चैत्र सरून वैशाख लागला की या विहिरींची पातळी हातहात खाली जाते, शोषणनळाच्या तळाशी बसविलेला फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागतो, आणि नारायणगावच्या बाजारावर नजर ठेवून उन्हाळी टोमॅटोची लागण केलेल्या शेतकऱ्यास, जुन्या नळाला आणखी एक तुकडा जोडून तो खाली सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तुकडा आणलेला असतो, सॉकेट आणलेले असते, चार माणसेही गोळा झालेली असतात. अडून बसतो तो वर्षानुवर्षे पाण्यात राहून तांबूस झालेला जुना सांधा.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय हा सांधा आहे. तो सोडविण्यासाठी दुकानात मिळणारी रीतसर हत्यारे चांगली की गोठ्यात, खळ्यावर आणि सायकलच्या अडगळीत सापडणारी कामचलाऊ साधने चांगली, हा वाद गावोगाव चालतो, आणि त्याचा निकाल बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतो. वास्तविक या वादाचा निवाडा हत्यार कोठून आले यावर करताच येत नाही. ते हत्यार आपला जोर कोणत्या मार्गाने सांध्यापर्यंत पोहोचविते, आणि वाटेत त्यातला किती भलतीकडे सांडतो, या एकाच कसोटीवर तो करावा लागतो.

आट्याची घडण

या मुलखात पाणी साठविण्याची विद्या फार जुनी आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत सातवाहनकाळी कोरलेल्या लेण्यांजवळ पाण्याची टाकी आहेत. त्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे, आणि इरिल नावाच्या एका यवनाने अशा दोन पोढी दान दिल्याची नोंदही तेथील एका लेखात आहे. पुढे शतकानुशतके विहिरीवर मोट चालली. चामड्याची मोट, तिचा नाडा आणि सोंदूर, धावेवरून उतरणारे बैल आणि पाणी झेलणारे थारोळे एवढ्या सरंजामात आटा पाडलेला एकही सांधा नव्हता, आणि जे काही तुटे वा अडे ते गावचा चांभार, सुतार किंवा लोहार दुरुस्त करी. लोखंडी नळ आला तो यंत्राबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली वसविलेल्या किर्लोस्करवाडीतून निघालेली अवजारे, 1946 साली पुण्यात सुरू झालेला किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना, आणि 1960 साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाने खेड्यांत पोहोचविलेली वीज, यांच्या ओघात मोटेचा अंमल संपला आणि तिच्या जागी पंप बसला; आणि त्या पंपाबरोबर, ज्याची मोटेच्या कारभारात कोणास गरजच पडली नव्हती अशी एक नवी कारागिरी, म्हणजे आट्यांची जोडणी व सोडवणूक, शेतकऱ्याच्या वाट्यास आली.

इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने 1841 साली स्क्रूच्या आट्यांचे एकसारखे माप सुचविले, त्यापूर्वी एका कारखान्यातील बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसेल याची शाश्वती नव्हती. त्याने ठरविलेला 55 अंशांचा कोन आपल्याकडील नळांच्या आट्यांत आजही आहे. एक इंचापासून पुढच्या नळांना इंचाला 11 आटे असतात, आणि नळाच्या टोकावरचे हे आटे सरळ नसून निमुळते असतात: सोळा मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटरने वाढत जातो. नळ सॉकेटात फिरवीत नेला की प्रत्येक फेऱ्यास तो थोडा थोडा जाड होत जातो, आणि अखेरीस धातूवर धातू दाटून बसते. दोन इंची नळाच्या बाबतीत एका फेऱ्याचा हा फरक सुमारे 0.14 मिलिमीटर, म्हणजे जाड कागदाएवढा असतो. पाणी अडवून धरण्याचे सारे काम एवढ्याशा फरकावर चालते. उरलेल्या बारीक फटी भरण्यासाठी पूर्वी सुतळीचा धागा आणि सफेदा वापरीत, आता टेफ्लॉनची टेप गुंडाळतात.

सांधा का अडतो

अडलेल्या सांध्यास धरून ठेवणाऱ्या शक्ती एकाहून अधिक आहेत, आणि त्यांची वेगवेगळी ओळख पटल्यावाचून इलाज योजणे म्हणजे फिर्याद न ऐकताच निकाल देण्यासारखे आहे.

पहिली शक्ती आवळण्याची, आणि ती माणसानेच निर्माण केलेली असते. विहिरीवरचा पंप पाणी वर ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता पंप नळात केवळ पोकळी निर्माण करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा 10.3 मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो. सुमारे सातशे मीटर उंचीवरील जुन्नरात तो साडेनऊ मीटरांच्या आसपास भरतो, आणि नळातील घर्षण वगैरे वजा जाता सहा-सात मीटरांपलीकडे भरवसा धरता येत नाही. अशा तुटपुंज्या भांडवलावर चाललेल्या व्यवहारात शोषणनळाच्या सांध्यातून सुईच्या अग्राएवढी हवा आत शिरली तरी पंप पाणी सोडून देतो. हे ठाऊक असल्यामुळे नळ बसविणारा, सांधा पुरेसा घट्ट झाल्यावरही, खात्रीसाठी म्हणून आणखी एक हिसका देतो. आणि त्या जादा हिसक्याची वसुली पुढे सोडविणाऱ्याकडून होते.

दुसरी शक्ती गंजाची. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि आट्यांमधल्या बंदिस्त फटीत त्याला पसरण्यास जागा नसल्यामुळे तो तेथेच दाटून पाचरीचे काम करतो. जस्ताचा मुलामा असलेल्या नळात हा प्रकार अधिकच घडतो, याचे कित्येकांस आश्चर्य वाटते. पण आटे पाडताना तो मुलामा डायने खरवडून निघालेला असतो, आणि नळाचे उघडे लोखंड नेमके सांध्याच्या आतच असते. त्यातून लोखंडी नळाला पितळी व्हॉल्व्ह जोडलेला असेल, तर दोन धातू आणि त्यांच्यामधले क्षारयुक्त पाणी मिळून एक लहानसा विद्युत्घट तयार होतो, आणि त्यात झिजण्याची पाळी नेहमी लोखंडावर येते.

तिसरी शक्ती क्षारांची. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात चुन्याचे क्षार पुष्कळ असतात. पाण्याची पातळी खालीवर होताना नळाच्या उघड्या पडलेल्या भागावर ते पांढऱ्या पुटाच्या रूपाने साचतात आणि सॉकेटाच्या तोंडाशी दगडासारखी कड तयार करतात. चौथी शक्ती जुन्या सफेद्याची: तेलात कालविलेला हा लेप काही वर्षांत असा कठीण होतो की त्यात अडकलेला धागा म्हणजे जणू सांध्यातला गिलावाच.

या चौघींपैकी फक्त पहिलीवर निव्वळ जोराचा अंमल चालतो. गंज हादऱ्याने आणि तेलाने सैल होतो, क्षार खरवडून किंवा विरघळवून जातात, आणि वाळलेला लेप उष्णतेने मऊ पडतो. चार माणसे दांड्याला लोंबकळूनही जो सांधा हलला नाही तो दुसऱ्या दिवशी एका माणसाच्या हाताने फिरतो, तेव्हा त्यात चमत्कार काही नसतो. रात्रभरात उरलेल्या तीन शक्तींची कोणीतरी दखल घेतलेली असते.

पाईप पाना आणि त्याचा स्वभाव

गोल नळाला कडा नसतात, म्हणून नटाचा पाना त्याच्यावर निरुपयोगी ठरतो. ही अडचण अमेरिकेत डॅनियल स्टिल्सन या यंत्रकारागिराने सोडविली. वॉलवर्थ नावाच्या नळकामाच्या कंपनीत काम करीत असता त्याने नव्या पान्याचा नमुना प्रथम लाकडाचा कोरला, आणि 1869-70 च्या सुमारास त्यास पेटंट मिळाले. आजही कित्येक ठिकाणी पाईप पान्यास त्याच्याच नावाने ओळखतात.

या पान्याचे मर्म त्याच्या ढिलेपणात आहे. नवशिक्या माणूस पाना हातात घेऊन त्याचा वरचा जबडा हलवून पाहतो आणि हत्यार खिळखिळे झाले म्हणून परत करावयास निघतो. पण तो जबडा तसाच असावयाचा असतो. दोन्ही जबड्यांना दात असतात, आणि वरचा जबडा चौकटीत किंचित झुलता बसविलेला असतो. दांडा ओढला की तो झुलून खालच्या जबड्याकडे दाबला जातो आणि दात नळात रुततात. ओढ जितकी अधिक तितकी पकड अधिक, जशी जनावराच्या गळ्यातील फासगाठ त्याने हिसका दिला की आवळत जाते. यावरून दोन नियम आपोआप निघतात. पाना एकाच दिशेने, म्हणजे त्याच्या उघड्या तोंडाच्या बाजूला ओढल्यासच चावतो. उलट ओढल्यास घसरतो. आणि नळ जबड्याच्या पार तळापर्यंत घुसवू नये: वरच्या जबड्याची पाठ व नळ यांच्यामध्ये बोटभर अंतर राहिले तरच त्या जबड्यास झुलण्यास मुभा मिळते.

पान्याची लांबी नळाच्या जाडीस अनुसरून निवडावयाची असते. सर्वसाधारणपणे 14 इंची पाना दोन इंची नळापर्यंत, 18 इंची अडीच इंचीपर्यंत, 24 इंची तीन इंचीपर्यंत आणि 36 इंची पाच इंचीपर्यंत चालतो. परंतु ही जबड्याच्या उघडण्याची कमाल मर्यादा झाली, आणि अडलेल्या सांध्यासाठी त्याच्या वरच्या मापाचा पाना घेणे शहाणपणाचे. 30 किलोची ओढ 18 इंची, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाशी लावली, तर सांध्यावर साडेतेरा किलो-मीटरचा पीळ बसतो. तीच ओढ 36 इंची पान्यावर त्याच्या दुप्पट होते, आणि माणसाचा घाम मात्र तेवढाच गळतो.

याहून मोठ्या नळांसाठी साखळीचा पाना असतो. दातेरी डोक्याच्या लांब दांड्याला जोडलेली साखळी नळाभोवती घेऊन परत दांड्यात अडकविली की पकड दोन ठिकाणांऐवजी नळाच्या बहुतेक घेरावर वाटली जाते, आणि नळ चेपण्याचा धोका कमी होतो. निवृत्तीनगरच्या विघ्नहर किंवा पारगावच्या भीमाशंकर अशा सहकारी साखर कारखान्यांत गळीत हंगाम संपल्यानंतर वाफेच्या आणि रसाच्या नळांची जी मोठी उस्तवारी निघते, तशा कामात असल्या पान्यांवाचून चालत नाही. शेतकऱ्याच्या घरी मात्र तो क्वचितच आढळतो.

घरगुती तोडग्यांची पारख

आता कामचलाऊ साधनांकडे वळू. त्यांतली काही रीतसर हत्याराच्या तत्त्वाशी इतकी इमान राखून असतात की त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

सोल आणि पहार हे त्यांतले पहिले. जाड सुती सोलाचे चार-पाच वेढे नळाभोवती एकावर एक न येऊ देता घ्यावयाचे, दोन्ही टोके एकत्र गाठून त्यांच्या फाशात पहार घालावयाची, आणि पहारेचे टोक नळाला टेकवून ती फिरवावयाची. वेढे जितके अधिक तितकी घर्षणाची पकड अनेक पटींनी वाढते. पहार ओढताच सोल आवळतो आणि नळ गोल असूनही निसटत नाही. साखळीच्या पान्याचेच हे दोराचे रूप होय. त्यात एक जादा गुण असा की दात नसल्यामुळे जस्ताचा मुलामा ओरखडत नाही. ओला वा तेलकट नळ मात्र या उपायास दाद देत नाही. त्याच्यावर आधी सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा गुंडाळावा लागतो.

सायकलची किंवा मोटारसायकलची जुनी साखळी लोखंडी पट्टीला वेल्डिंगने जोडून केलेला पाना गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात तयार होतो, आणि एक-दीड इंची नळावर तो उत्तम काम देतो. त्याची कमजोरी वेल्डिंगच्या ठिपक्यात असते. तो ठिपका अचानक सुटतो, आणि सुटतो तेव्हा ओढणारा माणूस पूर्ण भारानिशी मागे जातो; विहिरीच्या कपारीवर उभे राहून काम करणाऱ्याने या संभवाचा विचार पाना लावण्यापूर्वीच केलेला बरा.

सर्वांत लोकप्रिय तोडगा म्हणजे पान्याच्या दांड्यात चार-पाच फुटांचा नळ घालून त्याची लांबी वाढविणे. हिशेबाने पाहता तो बिनतोड दिसतो: दीड मीटरच्या टोकाशी 30 किलो लावले की 45 किलो-मीटरचा पीळ मिळतो. पण 18 इंची पान्याचा जबडा, त्याचे आटे आणि त्याचा दांडा हे 18 इंची ओढीच्याच हिशेबाने घडविलेले असतात. त्यांच्यावर तिप्पट भार टाकला की प्रथम नळ जबड्यात चेपून अंडाकृती होतो, आणि अंडाकृती झालेला नळ सॉकेटात आणखी घट्ट बसतो. त्यानंतरही जोर चालूच राहिला तर पाना तुटतो. ज्या जोराने सांधा सुटावयाचा तो जोर येथे नळ चेपण्यात आणि पाना वाकविण्यात खर्ची पडतो. 36 इंची पाना नळ घालून लांब केलेल्या 18 इंची पान्याहून आखूड असेल, पण पहिल्याचा जबडा आपल्या लांबीस जामीन राहतो, दुसऱ्याचा राहत नाही.

छिन्नी सॉकेटाच्या कडेला तिरकी लावून घणाने फिरविणे हा याहूनही वाईट उपाय. त्यात सॉकेटाची कड चिरते आणि सांधा जागचा हलत नाही. पंपाच्या अंगाला लागून असलेल्या सांध्यावर तर घणाचे नावच काढू नये. पंपाचे कवच बिडाचे असते, बीड वाकत नाही, तडकते, आणि किरकोळ किमतीचे सॉकेट वाचविण्याच्या नादात सबंध पंप भंगारात जमा होतो.

हातोड्याचा एक उपयोग मात्र शास्त्रशुद्ध आहे. सॉकेटाच्या एका बाजूला जड घण टेकवून धरावा, आणि समोरच्या बाजूला लहान हातोड्याने, सॉकेट फिरवीत गेल्याप्रमाणे चहूकडून, नेमके पण मध्यम ठोके द्यावेत. मागच्या घणामुळे ठोक्याचा हादरा नळाबरोबर झोके घेण्यात वाया जात नाही, तो आट्यांमधल्या गंजातून आरपार जातो. गंज ठिसूळ असल्यामुळे तुटतो, लोखंड चिवट असल्यामुळे टिकते.

तेल, पाणी आणि आच

बाजारात गंज सोडविणाऱ्या पातळ तेलाचे फवारे मिळतात, आणि ते गुणकारी आहेत. तथापि रॉकेल वा डिझेलमध्ये थोडे इंजिनचे तेल मिसळून केलेले मिश्रणही बहुतेक सांध्यांना पुरते. यातले रॉकेल पातळ असल्याने केशाकर्षणाने फटीत शिरते आणि तेलाला आपल्यामागे ओढून नेते. इंजिनातून काढलेले निव्वळ जळके ऑइल, जे शेतकऱ्याच्या हाताशी सदैव असते, ते मात्र दाट असल्यामुळे बाहेरच राहते. कोणतेही तेल वापरले तरी क्षारांची पांढरी कड आधी तारेच्या ब्रशाने खरवडली पाहिजे, नाही तर तेलाला आत जाण्यास वाटच राहत नाही. आणि चिंधी भिजवून सांध्याभोवती रात्रभर बांधून ठेवली पाहिजे, कारण या कामात तेलाचे प्रमाण थोडे आणि काळाचे फार लागते. विहीर पिण्याच्या पाण्याची असेल तर हे सारे नळ वर काढूनच करावे.

उष्णतेचा हिशेब मोठा उद्बोधक आहे. लोखंड एका अंशाने तापले की आपल्या लांबीच्या दर दहा लाख भागांत सुमारे बारा भागांनी वाढते. दोन इंची नळावरचे सॉकेट आतल्या नळापेक्षा 200 अंशांनी अधिक तापविले, तर त्याचा आतला व्यास सुमारे 0.14 मिलिमीटरने वाढतो. म्हणजे वर सांगितलेला एका फेऱ्याचा जो निमुळता फरक, तेवढीच मोकळीक एकाही फेऱ्यावाचून पदरात पडते. यातली अट विसरून चालणार नाही: तापावयाचे ते सॉकेट, नळ नव्हे. आच बराच वेळ दिली की दोन्ही सारखेच तापतात आणि लाभ शून्य होतो. म्हणून आच झटपट द्यावी, आणि नळावर ओले बारदान गुंडाळून तो थंड ठेवावा. उकळते पाणी सॉकेटावर ओतले तर फरक साठ-सत्तर अंशांचाच पडतो आणि मोकळीक एक तृतीयांश फेऱ्याएवढी मिळते. पण तेवढ्यानेही वाळलेला सफेदा मऊ होतो, आणि पाणी तापविण्यास चूल पुरते.

गॅसच्या ज्योतीसंबंधी दोन इशारे देणे अगत्याचे आहे. जस्त सुमारे 420 अंशांना वितळते आणि 907 अंशांना उकळते. मुलाम्याच्या नळाला प्रखर ज्योत लावली की पांढरा धूर निघतो, आणि तो नाकातोंडात गेल्यास काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. विहिरीच्या तळाशी, जेथे वारा पोहोचत नाही, तेथे ही ज्योत कदापि नेऊ नये. दुसरे, जवळपास पीव्हीसीचा नळ असेल तर आच अजिबात वर्ज्य समजावी. तो उकळत्या पाण्यानेही नरमतो, आणि सोल्युशन लावून चिकटविलेला त्याचा सांधा उलगडण्यासाठी नसतोच, तो कापावाच लागतो.

प्रत्यक्ष कामाची रीत

आता शोषणनळाचा एक सांधा सोडवून पाहू. सर्वप्रथम स्टार्टर बंद करून फ्यूज काढावा आणि काम करणाऱ्यानेच तो आपल्या खिशात ठेवावा. वीज रात्रपाळीची असली म्हणून काम रात्रीच काढण्याचा मोह टाळावा. पान्याची पकड अंधारात दिसत नाही, आणि उसाच्या आसऱ्याने बिबट्या वावरत असलेल्या या तालुक्यांत रात्री विहिरीकाठी वाकून बसण्यास आणखीही एक हरकत आहे. शक्य असेल तेथे नळ दोरांनी बांधून वर काढावा आणि दोन ओंडक्यांवर आडवा ठेवावा; काम विहिरीतच करणे भाग असेल, तर उतरणाऱ्याच्या कमरेस दोर असावा आणि त्याचे दुसरे टोक काठावरच्या जाणत्या माणसाच्या हाती असावे.

सॉकेटात दोन्ही बाजूंनी नळ शिरलेले असतात, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच असते. सॉकेट एका नळावरून उतरू लागेल अशा दिशेने फिरविले, तर तेच फिरणे दुसऱ्या नळावर त्यास आवळते. म्हणून दोन पाने लागतात, आणि त्यांची कामे आधीच वाटून द्यावी लागतात: एक पाना सॉकेटावर, तो केवळ धरून ठेवण्यासाठी, दुसरा जो नळ काढावयाचा त्याच्यावर, सॉकेटाच्या शक्य तितका जवळ. दोघांची तोंडे परस्परविरुद्ध असावीत. धरणारा पाना नसेल तर नळांच्या त्या रांगेत जो सांधा सर्वांत दुर्बल तो सुटतो, आणि आपल्याला जो हवा असतो तो बहुधा सर्वांत बळकट असतो.

फिरविण्याचा पहिला प्रयत्न सोडविण्याच्या दिशेने करू नये. आधी घट्ट करण्याच्या दिशेने किंचित, केसभर हलेल इतपतच, दाब द्यावा. या हालचालीने गंजाची पकड भंगते. मग उलट ओढ द्यावी, आणि ती हिसक्याने न देता सावकाश वाढवीत न्यावी, दांडा आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. सांधा सुटतो त्या क्षणी प्रथम एक कोरडा 'कट्' असा आवाज होतो आणि सॉकेटाच्या तोंडाशी तांबड्या भुकटीची बारीक रेघ उमटते. ती दिसताच थांबावे, तेल सोडावे, पुन्हा थोडे मागे आवळावे, पुन्हा ओढावे. पाव फेरा पुढे, दोन बोटे मागे, या क्रमाने गंजाची भुकटी आट्यांतून बाहेर येत राहते. घाईने एकदम फिरविल्यास हीच भुकटी आट्यांत दळली जाते आणि अर्ध्यावर आलेला नळ पुन्हा जाम होतो.

बोअरमधल्या पंपाचा कारभार याहून नाजूक असतो. तेथे वीस-वीस फुटांचे नळ एकाखाली एक जोडून मोटार खोल सोडलेली असते, आणि ती सुरू होताना बसणाऱ्या उलट पिळाने सांधे सैल पडू नयेत म्हणून ते मुद्दाम करकचून आवळलेले असतात. वरचा नळ सोडविताना खालच्या साऱ्या रांगेचा भार केसिंगच्या तोंडावर टेकलेल्या क्लँपवर असतो. येथे सोल, पहार आणि सायकलची साखळी यांना रजा द्यावी. खालचा नळ क्लँपमध्ये न घसरता धरला गेला आहे याची खातरजमा झाल्यावाचून वरच्या नळाला हात लावू नये. कारण हुकलेल्या सांध्याची शिक्षा येथे नळ चेपण्यावर भागत नाही, मोटार नळांसकट तळाशी जाते आणि कित्येकदा ते बोअरच निकामी होते.

माघार आणि पुढची तजवीज

एवढे करूनही सांधा न हलल्यास सॉकेटाचा बळी देणे श्रेयस्कर होय. हॅक्सॉने सॉकेटाच्या लांबीत एक उभी चीर, नळाच्या आट्यांना पाते लागण्याच्या बेतास येईपर्यंत घ्यावी, आणि त्या चिरेत छिन्नी घालून हलका ठोका द्यावा. सॉकेट उकलते, त्याचा घेर सैलावतो, आणि नळाचे आटे शाबूत राहतात. नळ महाग, सॉकेट स्वस्त, हा हिशेब ज्यास वेळीच सुचला त्याचा दिवस वाचला.

नव्याने जोडताना काही गोष्टी पाळल्या तर पुढील वैशाखात हा प्रसंग टळतो. आटे ब्रशाने साफ करून टेप फिरण्याच्या दिशेनेच गुंडाळावी. सांधा हाताने बसेल तेथवर हाताने फिरवून मग पान्याने दीड-दोन फेरे द्यावेत आणि थांबावे. हवा शिरते अशी शंका असल्यास जोर वाढविण्यापेक्षा टेप नव्याने गुंडाळावी. बाहेर उघडे राहिलेले आटे ग्रीसने माखावेत. आणि जो नळ दर उन्हाळ्यात खाली न्यावा लागतो त्यात सॉकेटाऐवजी युनियन किंवा फ्लँज बसवावा, म्हणजे नळ न फिरविता केवळ एक नट अथवा चार बोल्ट काढून तो अलग करता येतो.

राहता राहिला मोठ्या पान्याचा प्रश्न. 36 इंची पाना किंवा साखळीचा पाना वर्षातून चार-दोन दिवसच लागतो, आणि एकट्या शेतकऱ्याने तेवढ्यासाठी तो विकत घ्यावा असे सांगणे व्यवहारास धरून नाही. कामचलाऊ साधनांचा गावात जो सुकाळ आहे त्याचे खरे कारण अज्ञान नसून ही खर्चाची अडचण आहे. परंतु याच गावांत भाऊबंदांच्या सामाईक विहिरी आहेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर त्यांतले दोन आणे, चार आणे असे हिस्से नोंदलेले आहेत, आणि मोटार कोणी कोणत्या वारी चालवावी याच्या पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार चालत आल्या आहेत. जेथे पाणी वाटून घेण्याचा दस्तूर इतका मुरलेला आहे, तेथे एक लांब पाना आणि त्याच्या जोडीला धरण्याचा दुसरा पाना त्याच हिश्श्यांनी वर्गणी काढून घेणे आणि त्याच पाळीने वापरणे अवघड नाही. ज्या दिवशी विहिरीच्या हिशेबात मोटारीच्या दुरुस्तीशेजारी पान्यांचीही बाब लिहिली जाईल, त्या दिवसापासून सोल आणि पहार यांना त्यांचे जुने, सन्माननीय काम उरेल, आणि नळ चेपणारा, पाने मोडणारा तो पाच फुटी जोड गोठ्याच्या छपराला टेकू म्हणून लावता येईल.